यादी लागेपर्यंतची दुश्मनी

(भागाचं शब्दांकन. बोलतानाचे ‘अं’ आणि ‘म्हणजे ना’ काढलेत, बाकी जवळपास जसं बोलले तसंच ठेवलंय.)

नामपूरहून बोलतेय. मध्येच ट्रॅक्टरचा आवाज आला तर सांभाळून घ्या. चाळीतला उन्हाळी कांदा मार्केटला निघालाय आणि आमचं घर रस्त्याला लागूनच आहे.

आजचा विषय एका श्रोत्याच्या मेसेजवरून सुचला. त्यानं लिहिलंय, “ताई, तुझं कॉलेज सुटून चार वर्षं झाली. तू स्वतः कधी कबड्डी खेळली नाहीस. मग गणपती बसले की अजून कॉलेजच्या टीममागे काय फिरतेस? प्रो कबड्डी बघ की घरबसल्या.”

प्रश्न रास्त आहे. आणि प्रो कबड्डी मी बघतेच. २०१४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा मी शाळेत होते, आणि टीव्हीवर आपला खेळ एवढ्या लाइटमध्ये बघून आमच्या घरी आजोबासुद्धा जेवायचे थांबले होते. २०२४ च्या मार्चमध्ये पुणेरी पलटणनं पहिल्यांदा ट्रॉफी जिंकली, तेव्हा कॅप्टन अस्लम इनामदार नगर जिल्ह्याचा आणि रेड टाकणारा आकाश शिंदे आपल्या नाशिकचा, म्हणून मीही स्टेटस ठेवलं होतं. पण प्रो कबड्डीत तुम्ही टीमचे असता आणि खेळाडू लिलावाचा असतो. सीझन संपला, बोली लागली, की ज्याचा फोटो तुम्ही डीपीला लावला तो दुसऱ्या शहराची जर्सी घालून तुमच्याच टीमला मारायला येतो.

कॉलेजच्या टीमचं उलटं असतं. तिथे खेळाडू कुठेही जात नाही. तो एसटीत तुमच्या शेजारी बसलेला असतो, त्याच्या बॅगेत नी-कॅपच्या खाली अकाउंटचं पुस्तक असतं, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी नोट्सच्या झेरॉक्स तो तुमच्याकडूनच नेतो. त्याची मॅच बघताना तुम्ही स्टारला बघत नसता, ओळखीच्या माणसाला अचानक वेगळा होताना बघता. हे मला अजून कुठे मिळालेलं नाही.

जे इकडचे नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. नामपूर म्हणजे बागलाण तालुका, मोसम नदीचा काठ. तालुक्याचं गाव सटाणा, दुसऱ्या अंगाला मालेगाव, आणि नाशिक शंभर किलोमीटरच्या पलीकडे. कांदा, डाळिंब, घरात अहिराणी, वर्गात मराठी. आपल्या जिल्ह्यात कॉलेजं पसरली ती मोठ्या संस्थांमुळे. १९१४ ची मराठा विद्या प्रसारक, भाऊसाहेब हिऱ्यांची महात्मा गांधी विद्यामंदिर, नाशिकला १९२४ पासून एचपीटी कॉलेज चालवणारी गोखले एज्युकेशन सोसायटी. पोरं संस्थेवरूनही एकमेकांना चिडवतात. पण मैदानावर उभं राहिलात की कळतं, ओरडताना कुणी संस्थेचं नाव घेत नाही. गावाचं घेतात.

आता रचना समजून घ्या, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही.

आपलं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, म्हणजे १९४९ चं जुनं पुणे विद्यापीठ. त्याच्या हद्दीत पुणे, नगर म्हणजे आताचं अहिल्यानगर, आणि नाशिक असे तीन जिल्हे. खेळांसाठी त्याचे चार विभाग पाडलेत: पुणे शहर, पुणे ग्रामीण, नगर आणि नाशिक. आधी विभागातली कॉलेजं आपसात खेळतात. ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरपासून दिवाळीच्या आगेमागेपर्यंत एकेका खेळाची उरकते. बहुतेक वेळा बाद पद्धत असते, म्हणजे हरलात की पिशवी उचला आणि स्टँड गाठा. लीग नाही, परतीची मॅच नाही, ‘पुढच्या रविवारी बघून घेऊ’ नाही. पुढचं वर्ष, एवढंच.

मग हिशेब करा. पदवीची तीन वर्षं. वर्षाला एक स्पर्धा. चांगली टीम असेल तर एका स्पर्धेत तीन, फार तर चार मॅच. म्हणजे एखाद्या खेळाडूच्या आख्ख्या कॉलेजच्या आयुष्यात फॅनच्या वाट्याला मोजून दहा-बारा मॅच येतात. विराट कोहलीच्या दहा-बारा मॅच तुम्ही सहज बघता आणि त्यातल्या निम्म्या विसरता. इथे विसरायला काही शिल्लकच राहत नाही.

म्हणून जेव्हा भाग्यपत्रिका, म्हणजे ड्रॉ, ग्रुपवर येतो तेव्हा आधी एकच गोष्ट शोधली जाते. शेजारचं गाव आपल्या अर्ध्यात आहे की खालच्या अर्ध्यात? वरच्या अर्ध्यात असेल तर लवकर गाठ. खालच्या असेल तर फायनलपर्यंत दोघांनी जिंकत राहायचं, आणि तोवर त्यांच्या प्रत्येक मॅचला जाऊन समोरच्याच्या बाजूनं ओरडायचं. अनोळखी कॉलेजसाठी मी घसा बसेपर्यंत ओरडलेय, फक्त शेजारचे हरावेत म्हणून. हो, आहे ते असं आहे.

लांबच्या माणसाशी अशी टक्कर होतच नाही, हे लक्षात घ्या. पुण्यातल्या कॉलेजबद्दल आम्हाला काही वाटत नाही. टक्कर होते ती ज्यांचा आठवडे बाजार आपला आहे, ज्यांच्या घरात आपली आत्या दिली आहे, आणि ज्यांच्या गावची एसटी आपल्या गावावरून जाते त्यांच्याशी. माझा मामेभाऊ समोरच्या कॉलेजात होता. स्पर्धेच्या आठवड्यात मामाच्या घरी फोन करायचा तर आई म्हणायची, तूच कर बाई, मला भांडण नको. आणि मॅचनंतर दिवाळीला भाऊबीज होतीच की. ओवाळताना त्यानं हळूच स्कोअर म्हटला होता. तेवीस-एकवीस. ताटातल्या पैशांपेक्षा तोच माझ्या लक्षात राहिला.

(इथे एक आडवळण. महाराष्ट्रात ‘कॉलेजची टक्कर’ म्हटलं की पुण्या-मुंबईच्या लोकांना आधी नाटक आठवतं. १९६३ पासून चालू असलेला पुरुषोत्तम करंडक, भरत नाट्य मंदिरात कॉलेजच्या नावानं चाललेला कल्ला. ‘आवाज कुणाचा’ ही आरोळी तिथेही आणि इथेही. फरक इतकाच, की नाटकात निकाल परीक्षक सांगतात, आणि कबड्डीत सरपंच. कबड्डीतल्या मुख्य पंचाला सरपंचच म्हणतात, आणि गावाकडच्या पोरांना त्याच्याशी वाद घालायची सवय घरापासूनच असते.)

तर आता मी ज्याच्यासाठी हा भाग करतेय त्या माणसाकडे येते. त्याचं नाव मी घेणार नाही. त्याला विचारलेलं नाही, आणि आमच्याकडे त्याला नावानं कुणी ओळखतही नव्हतं. आम्ही त्याला म्हणायचो, डावा कोपरा.

बचाव करणारे सात जण साखळीसारखे उभे राहतात. दोन्ही टोकांना असतात ते कोपरे. रेडर, मराठीत चढाईपटू, आत शिरतो आणि बहुतेक वेळा कोपऱ्याच्याच जवळून बोनस घ्यायला किंवा पाय मारायला जातो. चांगला कोपरा धावत नाही. तो वाट बघतो. रेडरचा पाय किंचित जास्त वेळ जमिनीवर राहिला की वाकतो आणि घोटा धरतो, आणि मग उरलेली साखळी त्याच्यावर पडते. टीव्हीवर ‘अँकल होल्ड’ म्हणतात ते हेच. ह्यात ताकद अर्धी आणि धीर अर्धा.

शेजारच्या कॉलेजचा हा डावा कोपरा आमच्या रेडरचा तीन वर्षं घोटा धरत होता. आमचा रेडर, तो माझ्याच वर्गातला, नामपूरच्या पुढच्या एका वस्तीवरचा. मातीत तयार झालेला. सकाळी शेताचं पाणी बघून कॉलेजला यायचा. मातीत तो वारा होता. पण विद्यापीठाच्या स्पर्धा मॅटवर व्हायला लागल्या आहेत आणि मॅटचं गणित वेगळं. मातीत पाय थोडा घसरतो, त्या घसरण्याचाच फायदा घेऊन रेडर सुटतो. मॅटवर बुटाला पकड मिळते, वेग वाढतो, पण थांबलेला पाय थांबलेलाच राहतो. ज्यांना रोज मॅट मिळते ते हे शिकतात. ज्यांना नाही, ते मॅचमध्ये शिकतात. मॅचमध्ये शिकायची फी फार जास्त असते.

पहिल्या वर्षी क्वार्टर फायनल. डाव्या कोपऱ्यानं आमच्या रेडरला चारदा पकडलं. दुसऱ्या वर्षी गाठच पडली नाही, आम्ही आधीच बाहेर. तिसऱ्या वर्षी सेमी फायनल. शेवटचं वर्ष, आमचाही आणि त्या दोघांचाही. आम्ही पुढे होतो. शेवटची चार मिनिटं उरली तेव्हा त्यांचे मैदानात तीनच राहिलेले. तीन किंवा कमी राहिले आणि पकड झाली तर तिला अव्वल पकड म्हणतात, एक गुण जादा मिळतो. म्हणजे कमी माणसं असणं हीच त्यांची संधी. रेडर आत गेला. डाव्या कोपऱ्यानं वाट बघितली. पुढचं तुम्हाला कळलं असेल. तेवीस-एकवीस म्हणतात तो हाच स्कोअर.

त्या क्षणी मी त्या मुलाबद्दल काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. आमची अख्खी बाजू बोलत होती. ‘मॅनेज शे’, ‘बाहेरनं पोऱ्या आनेल शे’, हे आमच्याकडे हरणाऱ्यांचं ठरलेलं भजन आहे. खरं तर प्रत्येक खेळाडूचा पात्रता अर्ज, बारावीची मार्कशीट, प्रवेश हे सगळं तपासलं जातं. पण रागात मार्कशीट कोण बघतं?

आणि मग, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, यादी लागली.

हीच ती गोष्ट जी प्रो कबड्डीत नाही आणि माझ्या मते जगातल्या बऱ्याच मोठ्या कॉलेज लीगमध्येही नाही. आपल्याकडे जिंकलेलं कॉलेज जसंच्या तसं पुढे जात नाही. स्पर्धा चालू असतानाच निवड समिती बसलेली असते. ती सगळ्या कॉलेजांतून बारा जण उचलते आणि नाशिक विभागाचा संघ करते. तो संघ उरलेल्या तीन विभागांशी खेळतो. ही आंतरविभागीय स्पर्धा. त्यातून पुन्हा बारा निवडले जातात, सराव शिबिर होतं, आणि तयार होतो विद्यापीठाचा संघ. तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. तिथे महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान अशा राज्यांतली विद्यापीठं असतात. तिथले पहिले चार अखिल भारतीयला. हे सगळं भारतीय विद्यापीठ संघ म्हणजे एआययू चालवतं, जी संस्था १९२५ पासून आहे. आणि २०२० मध्ये भुवनेश्वरला सुरू झालेल्या खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्सचा रस्ताही ह्याच जिन्यानं जातो.

म्हणजे जिन्याच्या प्रत्येक पायरीवर कालची दोन भांडणारी गावं एका जर्सीत घातली जातात.

त्या यादीत आमचा रेडर होता. आणि त्याच्या खाली दोन नावं सोडून डावा कोपरा.

ग्रुपवर पाच मिनिटं कुणी काही लिहिलं नाही. मग एकानं हसण्याची इमोजी टाकली. मग कुणीतरी लिहिलं, “आते काय करो?” आता काय करायचं? कालपर्यंत ज्याला शिव्या घातल्या त्याचं अभिनंदन करायचं? अमेरिकेत बघा, मिशिगन आणि ओहायो स्टेट ही दोन विद्यापीठं १८९७ पासून एकमेकांशी फुटबॉल खेळतात, म्हणजे त्यांचा तो हातानं खेळायचा फुटबॉल. नोव्हेंबरच्या शेवटी मॅच असते, मिशिगनच्या स्टेडियममध्येच एक लाख सात हजार माणसं बसतात. २०२१ पासून तिथल्या कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसेही घेता येतात. पण मिशिगनचा माणूस ओहायोच्या माणसाचा द्वेष करून सुखानं म्हातारा होऊ शकतो. मॅचच्या दुसऱ्या दिवशी कुणी त्याला सांगत नाही की आता हे दोघं एका टीममध्ये, घाल टाळ्या. आम्हाला सांगतात. यादीची पीडीएफ पाठवून सांगतात.

आंतरविभागीय स्पर्धा पुण्याकडे होती. मी जाऊ शकले नाही. आमच्या टीमचा एक राखीव खेळाडू स्वखर्चानं बघायला गेला होता, त्यानं व्हिडिओ कॉल लावला. आम्ही चौघी कॉलेजच्या मागच्या भिंतीवर बसलो, तिथे रेंज येते. चित्र अडकायचं, आवाज पुढे जायचा. आधी ओरडा ऐकू यायचा आणि मग तो कशासाठी होता ते दिसायचं.

इथे खेळाचा एक नियम सांगते, मग पुढचं बोलते. कबड्डीत बाद होणं कायमचं नसतं. तुमचा खेळाडू बाद झाला की बाजूला जाऊन बसतो. तुमच्या टीमनं समोरचा एक बाद केला की तुमचा एक उठून परत आत येतो. ज्या क्रमानं गेले त्या क्रमानं. म्हणजे रेडर स्वतःच्या ताकदीवर बाद होतो, पण परत येतो तो दुसऱ्याच्या कष्टावर. तो बाजूला बसलेला असताना त्याला उठवायचं काम कोपऱ्यांचं असतं.

दुसऱ्या हाफमध्ये आमचा रेडर बाद होऊन बाहेर बसला. चित्र अडकलं. ओरडा ऐकू आला. मग चित्र हललं, तर डावा कोपरा पुण्याच्या कुणाचा तरी घोटा धरून मॅटवर आडवा पडला होता, त्याच्यावर बाकीची साखळी, आणि आमचा रेडर उठून आत येत होता. येता येता त्यानं वाकून त्याच्या पाठीवर थाप मारली. तीन वर्षं ज्यानं त्याला बाहेर बसवलं, त्यानंच त्याला आत आणलं. भिंतीवर बसलेल्या आम्ही चौघी काय ओरडलो माहितीये? “डावा कोपराऽऽ!” नाव माहीतच नव्हतं ना.

ती मॅच नाशिकनं जिंकली, पुढची हरली. शिबिरासाठी डाव्या कोपऱ्याचं नाव लागलं. आमच्या रेडरचं नाही.

आता हे ‘नाही’ किती महागात पडतं ते सांगते, कारण इथे प्रश्न हौसेचा राहत नाही. राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. पण प्रत्येक सर्टिफिकेट त्याला चालत नाही. कुठल्या पातळीवरची स्पर्धा, कितवा नंबर, हे ठरलेलं असतं, आणि ते सर्टिफिकेट क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयातून पडताळून घ्यावं लागतं. अखिल भारतीय आंतरविद्यापीठचं पदक त्या हिशेबात येतं. कॉलेज-कॉलेजमधल्या स्पर्धेचं सर्टिफिकेट घरात फ्रेम करून लावायला छान. म्हणजे वस्तीवरच्या ज्या पोराला वाटतं की कबड्डी आपल्याला भरतीत नेईल, त्याच्यासाठी खरी मॅच शेजारच्या गावाशी नसतेच. ती त्या बारा नावांच्या यादीशी असते, आणि एकदा नाही, दोन-तीनदा. आमचे खेळाडू हे फार उशिरा समजून घेतात, म्हणून आज एवढं सविस्तर सांगितलं. पहिल्या वर्षालाच तुमच्या क्रीडा संचालकांना विचारा की निवड चाचणी कधी, कोण बघणार, फॉर्म कधी भरायचा.

आमचा रेडर आता पोलीस भरतीची तयारी करतोय. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळा. मैदानी पन्नास गुणांत सर्टिफिकेटचं काही काम नाही, तिथे फक्त पाय. पाय त्याचे चांगले आहेत. पहाटे नदीकडच्या रस्त्यावर दिसतो.

आणि डावा कोपरा पश्चिम विभागाला खेळला. मी त्याच्या प्रत्येक मॅचचा स्कोअर शोधत होते. कुणी विचारलं तर सांगायचे, ‘आपला बागलाणना पोऱ्या शे तो.’ मामेभावानं स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

अजून एक पायरी आहे. राज्यातल्या विद्यापीठांसाठी ‘अश्वमेध’ हा क्रीडा महोत्सव असतो. आपल्या ताहाराबादच्या पुढे पिंपळनेर लागलं की धुळे जिल्हा, आणि तिथली कॉलेजं जळगावच्या बहिणाबाई चौधरी विद्यापीठाची. भाषा तीच अहिराणी, सोयरिकी त्याच. पण अश्वमेधमध्ये ती मुलं वेगळ्या जर्सीत समोर उभी असतात. म्हणजे खाली शेजारचं गाव वैरी होतं, ते वर जाऊन आपलं झालं, आणि अजून वर जाऊन दुसऱ्या अंगाचा शेजारी वैरी झाला. मला तर हे सगळं चित्र काढून भिंतीवर लावावंसं वाटतं.

आता मुलींच्या टीमबद्दल. हे मी मुद्दाम मागे ठेवलं, कारण श्रोत्याच्या ‘अजून काय फिरतेस’चं खरं उत्तर इथे आहे.

मुलींचं मैदान थोडं लहान असतं, तेरा बाय दहाऐवजी बारा बाय आठ मीटर. प्रेक्षक मात्र फारच कमी. मॅच सकाळी लवकर लावलेली असते आणि मुलांच्या मॅचला येणारी गर्दी तेव्हा गावातून निघालेलीही नसते. मी शेवटच्या वर्षाला असताना आमच्या मुलींच्या मॅचला आमच्या बाजूला सहा जण होते. त्यातला एक ड्रायव्हर.

स्पर्धा नाशिकला असली की पहाटे निघायचं आणि रात्री परत. टीमसोबत सर असतात, पण घरच्यांना बाई माणूस हवं असतं. माझं कॉलेज सुटलं त्याच्या पुढच्या वर्षी टीममधल्या एका मुलीची आई आमच्या घरी आली. चहा घेतला, कांद्याचा भाव बोलली, आणि मग म्हणाली, “तू जाशील का पोरींबरोबर? तू असशील तर तिचे बाबा हो म्हणतील.” दुसऱ्या दिवशी अजून दोन घरांतून तोच निरोप. तीन मुली म्हणजे सातातल्या तीन. त्या आल्या नाहीत तर टीमच उतरत नाही.

तेव्हापासून मी जाते. फॅन म्हणून जाते असं मी म्हणते, त्यांच्या घरचे सोबत म्हणून पाठवतात, आणि दोन्ही एकाच तिकिटात होतं. पाण्याच्या बाटल्या, क्रेप बँडेज, एकीच्या चष्म्याची डबी, आणि सगळ्यांचे फोन माझ्या पिशवीत. मॅच चालू असताना पिशवीतून सात आयांचे कॉल वाजत असतात.

२०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये भारताच्या मुलींनी चायनीज तैपेईला २६-२५ असं एका गुणानं हरवून सोनं घेतलं. ते भारताचं त्या स्पर्धेतलं शंभरावं पदक होतं, आणि त्या टीममध्ये पुण्याची स्नेहल शिंदे होती. त्या दिवशी आमच्या टीममधल्या एका मुलीच्या बाबांनी मला फोन करून विचारलं, “नाशिकला कधी जायचंय?” एरवी हा प्रश्न त्यांच्या घरून त्यांची बायको विचारते.

आणि विद्यापीठाच्या खेळातून किती लांब जाता येतं ते बघायचं तर कबड्डी सोडून एक उदाहरण देते. आपल्याच जिल्ह्यातली, चांदवड तालुक्यातली संजीवनी जाधव. २०१७ मध्ये तैपेईला जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात रौप्य. जगातल्या विद्यापीठांच्या मुलींमध्ये दुसरी. चांदवड आपल्याहून काही फार लांब नाही. आम्ही बसमधून जाताना मुलींना खिडकीतून बोट दाखवते, ती बघा, त्या बाजूची. आता त्या कंटाळल्यात, मी हात वर केला की एकसुरात म्हणतात, “माहितीये ताई.”

बरं, ज्यांना ह्या वर्षी कॉलेज टीमच्या मागे लागायचंय त्यांच्यासाठी थोडं कामाचं. ह्या मॅच टीव्हीवर येत नाहीत, यूट्यूबवर क्वचित. तुम्हाला कॉलेजच्या जिमखान्यातलं एखादं माणूस पकडावं लागेल. भाग्यपत्रिका आधी तिथे येते. मैदानावर गेलात तर गुणलेखकाच्या टेबलाजवळ जागा धरा, तिथून कोण कितव्यांदा बाद झालं ते कळतं, आणि पंचांचा इशारा नीट दिसतो. लाइव्ह करणार असाल तर पॉवर बँक न्या आणि फोन आडवा धरा, उभा धरून अर्धं मैदान कापू नका. स्कोअर टाकताना दोन्ही कॉलेजांची नावं पूर्ण टाका. नुसतं ‘आपण जिंकलो’ लिहिलंत तर बाहेरगावी शिकणारं पोरगं रात्रभर विचारत बसतं, कुणाशी रे?

आणि एक विनंती. समोरच्या टीमच्या मुलींना उद्देशून काही ओरडायचं नाही. आपल्या टीमच्या नावानं कितीही ओरडा. मुलांच्या मॅचला तुमचं तुम्ही बघा, पण इथे मी तुमच्या मागेच उभी असते.

ह्या वर्षीची भाग्यपत्रिका काल रात्री आली. मुलांची पहिली मॅच अनोळखी कॉलेजशी आहे, शेजारचे खालच्या अर्ध्यात. मुलींची मात्र पहिलीच मॅच शेजारच्या गावाशी. त्यांची नवी डावी कोपरा फार चांगली आहे असं ऐकलंय. मामेभावाला विचारलं तर तो हसला फक्त.

नामपूर स्टँडवरून पहाटेच्या पहिल्या गाडीनं निघतोय. तीन सीट अजून शिल्लक आहेत, ज्यांना यायचंय त्यांनी मेसेज करा. मुलींची मॅच आधी आहे, तेव्हा दहाला पोचून चालणार नाही.